गिलास कुठं इसळू?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा आपला माणूस भाकरी बांधूनच घर सोडतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि पाण्याची बाटली. दादरला शिवाजी पार्कवर आपल्या संस्था, संघटना भोजनदान करतात. त्यामुळं वर्षानुवर्षं मुंबईला जाऊनही तिथल्या हॉटेलात पाय ठेवला नाही, अशी माणसं आपल्यात पुष्कळ. आम्ही जळकोटच्या पाच मैत्रिणीही त्यातल्याच. मागच्या खेपेला मात्र अभिवादन झाल्यावर दोन दिवस जास्त राहिलो आणि ठरवलं, मुंबईचं जेवण एकदा टेबलाशी बसून जेवायचं.

पहिल्या दिवशी फोर्टमधलं सिद्धार्थ महाविद्यालय बघितलं. परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली ते सुरू केलं. तिथून चालत चालत धोबी तलावाला आलो. तिथं कयानी हे १९०४ सालचं इराणी हॉटेल आहे. इराणातून पोट भरायला आलेल्या माणसांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर अशी हॉटेलं काढली. कामगार, कारकून, विद्यार्थी तिथं स्वस्तात चहापाव खायचे. आम्ही ब्रून मस्का मागवला. ब्रून वरून इतका कडक की चहात बुडवल्याशिवाय दाताला ऐकत नाही. आमच्यातली एक म्हणाली, "ही तर पावाची वाळली भाकर!" सगळ्या हसलो.

दुसऱ्या दिवशी दादरला एका मालवणी खानावळीत गेलो. भिंतीवरचे दर वाचले, हिशेब केला आणि पाच जणींत तीन ताटं मागवली. बोंबील म्हटलं की आपल्याला ठाऊक असतो तो आठवडी बाजारातला वाळलेला. ओला बोंबील आम्ही पहिल्यांदाच खाल्ला. रव्यात घोळवून तळलेला, आत लोण्यासारखा, काटासुद्धा मऊ. सोबत तांदळाची पांढरी भाकरी आणि कोकम, नारळाच्या दुधाची गुलाबी सोलकढी. कुणी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. बसल्याबरोबर पोऱ्यानं प्रत्येकीपुढं पाण्याचा ग्लास ठेवला.

जेवण झालं. आमच्यातली वयानं मोठी, तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. ती आपला ग्लास घेऊन उठली आणि इकडंतिकडं बघायला लागली. पोऱ्या जवळ आला तेव्हा हळूच म्हणाली, "बाळा, गिलास कुठं इसळू?" तो गडबडला. "आजी, ठेवा तिथंच. ते काम आमचं." अक्कानं ग्लास ठेवला, पण बराच वेळ ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

का, ते आम्हाला ठाऊक होतं. तिच्या तरुणपणी गावाकडच्या हॉटेलाबाहेर आपल्या लोकांच्या कपबशा वेगळ्या असायच्या. चहा वरून ओतला जायचा. प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पालथा घालून यायचं. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. तो कोनाडा कधीच गेला, पण हाताला लागलेली सवय अजून गेली नाही.

१९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं गोरेगावला वडिलांकडे निघाले. जवळ खाण्याचा डबा होता, पण वाटेत पाणी मिळालं नाही, म्हणून पोरं तशीच उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढं २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आणि घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचं दार जातीच्या नावानं बंद करता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला. टेबलावर न मागता आलेल्या त्या ग्लासामागं एवढी मोठी लढाई आहे.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत. महाराजांना काय चहाची वाण होती? पण राजानं प्यालेल्या त्या कपानं अनेकांची तोंडं बंद केली. एका कपाचं मोल त्यांना कळलं होतं.

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, एक सांगावंसं वाटतं. मुंबईला जाताना शिदोरी जरूर न्या, ती आपल्या कष्टाची आहे. पण एक वेळ पैसे बाजूला ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हॉटेलात घेऊन जा. मुंबईतच असं नाही, आपल्या तालुक्याच्या गावातही. त्यांना पुढच्या टेबलाशी, पंख्याखाली बसवा. लेकरांना शेजारी बसवून ही सगळी हकीकत सांगा. आणि जेवण झाल्यावर म्हातारीचा हात ग्लासाकडं गेला, तर तो हळूच आपल्या हातात घ्या. जय भीम.