दुहेरी ठसा की झिजलेला साचा?

चुकलेल्या नाण्यांच्या दुनियेत १९५५ सालच्या अमेरिकन लिंकन सेंटइतकी कीर्ती क्वचितच कुणाला लाभली असेल. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या एका डायवर, म्हणजे नाणं ठोकण्याच्या साच्यावर, दर्शनी बाजूची अक्षरं दोनदा, किंचित सरकून उमटली होती. 'लिबर्टी', 'इन गॉड वुई ट्रस्ट' आणि साल, सगळं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतं. चूक लक्षात आली तोवर ही नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. ढीग वितळवण्याऐवजी तो तसाच चलनात सोडला गेला. वीस ते चोवीस हजार चुकलेली नाणी बाहेर पडली असं मानलं जातं. त्यांतली बरीच लोकांना मिळाली ती सिगारेटच्या पाकिटांतून. पाकीट तेवीस सेंटचं, यंत्रात टाकायचं नाणं पंचवीसचं. म्हणून उरलेले दोन सेंट वेष्टणातच घालून दिलेले असत.

याच सालाचा आणखी एक सेंट बाजारात फिरतो. त्याच्या सालातल्या शेवटच्या पाचाला फिकट सावली दिसते. अमेरिकेतले संग्राहक त्याला 'गरिबाचा डबल्ड डाय' म्हणतात. अस्सल नाण्याची किंमत हजार डॉलरच्या घरात जाते. या दुसऱ्याला दोन-चार डॉलरही पुष्कळ. पण ऑनलाइन विक्रीत दोन्हींच्या फोटोंखाली नाव एकच असतं: १९५५ डबल्ड डाय. अमेरिकेतल्या नातलगांनी दिलेल्या सुट्ट्या नाण्यांत 'घबाड' सापडलं म्हणून माझ्याकडे फोटो येतात, तेव्हा बहुतेक वेळा हा दुसराच प्रकार असतो.

माझं सांगणं एवढंच आहे: अक्षर दुहेरी दिसतंय का, यावर थांबू नका. हे दुहेरीपण नाणं घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर जन्मलं, ते विचारा.

पहिला टप्पा डाय घडवण्याचा. नाण्यासारखीच उठावाची आकृती असलेलं पोलादी हब डायच्या तोंडावर प्रचंड दाबाने रुतवतात. दाबाखाली पोलाद कडक होतं, म्हणून जुन्या पद्धतीत डाय तापवून मऊ करत आणि पुन्हा दाबत. दुसऱ्या वेळी हब आणि डाय नेमके जुळले नाहीत, तर डायमध्येच दोन आकृत्या कोरल्या जातात. हा खरा डबल्ड डाय. यातली दुसरी आकृतीही भरीव आणि गोलसर उठावाची असते. अक्षर नेहमीपेक्षा जाड होतं आणि त्याच्या टोकांवर स्पष्ट खाच दिसते.

दुसरा टप्पा ठोकण्याचा. डाय सैल असेल तर ठोक्यानंतर ती किंचित घसरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपते. तिथे सपाट, चकचकीत पायरी तयार होते. अक्षराची जाडी वाढत नाही. उलट मूळ अक्षर बारीक होतं.

तिसरा टप्पा डायच्या म्हातारपणाचा. लाखो ठोक्यांत नाण्याचा धातू कडेकडे सरकत राहतो आणि डायमधल्या अक्षरांच्या कडा खरवडतो. मग अक्षराभोवती धूसर, वेडीवाकडी सावली येते, कधी दोन्ही बाजूंना. टोकावर खाच नसते. आजूबाजूचा सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो आणि कडेकडे धावणाऱ्या बारीक रेघा दिसतात. गरिबाचा डबल्ड डाय जन्मतो तो इथे.

टांकचिन्ह, म्हणजे नाण्यावरची टांकसाळीची खूण, हीही मोठी साक्षीदार आहे. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत पडलेल्या सेंटचाही प्रसिद्ध डबल्ड डाय आहे. त्या काळी 'एस' हे चिन्ह हबवर नसे. तयार डायवर ते हाताने ठोकत. म्हणून अस्सल नाण्यावर साल आणि अक्षरं दुहेरी, पण 'एस' एकेरीच. सालाबरोबर 'एस'लाही तशीच सावली असेल, तर ती बहुधा ठोकतानाच्या घसरणीची. १९८२पासूनच्या सेंटमध्ये आणखी एक चकवा असतो: जस्तावरचा तांब्याचा पातळ मुलामा अक्षराच्या कडेला फाटतो आणि आतली करडी रेघ दुसऱ्या अक्षराचा भास निर्माण करते.

ऑनलाइन खरेदीत नाणं हातात नसतं, म्हणून फोटो मागायला संकोच करू नका. प्रकाशाची दिशा बदलून काढलेले निदान दोन फोटो हवेत, कारण सपाट पायरीवरची चमक दिशेबरोबर पालटते आणि भरीव अक्षराचा आकार कायम राहतो. संपूर्ण दर्शनी बाजू पाहा. १९५५च्या नाण्याचा फक्त एकच आकडा मोठा करून दाखवत असतील तर तिथेच थांबा, कारण अस्सल नाण्यावर सगळी अक्षरं साक्ष देतात. मागची बाजूही मागवा. तिथे 'सेंट' शब्दातल्या 'टी'च्या डाव्या हाताखाली डायवरचा बारीक उभा ओरखडा असतो. डबल्ड डायचं प्रत्येक नाणं एकाच डायचं अपत्य असल्याने अशा खुणा तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. 'साधारण तसंच दिसतं' हा पुरावा नव्हे. या नाण्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ निघाल्या आहेत, म्हणून ३.११ ग्रॅम हे प्रमाण वजन लक्षात ठेवा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत नाणं असेल, तरी प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा आणि तिथे फोटो असेल तर तोही जुळवून बघा, कारण डब्याही खोट्या बनतात.

नव्या संग्राहकाला माझा आग्रह असतो की मोठी रक्कम गुंतवण्याआधी दोन स्वस्त नाणी घ्यावीत: १९९५चा अस्सल डबल्ड डाय सेंट, जो तुलनेने परवडतो, आणि झिजलेल्या डायचा १९५५चा सेंट. दहापट भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून तिरप्या प्रकाशात फिरवावीत. झिजलेल्या डायचं नाणंही टांकसाळीच्या कामाचा खरा दस्तऐवज आहे. त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या भावाने ते विकलं गेलं, तर संग्रहात त्यालाही मानाची जागा आहे. फसवणूक नाण्यात नसते, त्याला चिकटवलेल्या नावात असते. आणि ते नाव तपासण्याची क्षमता संग्राहकाने स्वतः कमवायची असते.