पीएचपीतला वारसा

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सातबाऱ्याचा उतारा तरी येतो, नाहीतर ज्ञानेश्वर-तुकाराम. मीही कला शाखेचाच विद्यार्थी. पण सुट्टीत पीएचपी ही संगणकाची भाषा शिकायला बसलो आणि या जुन्या शब्दाचा आणखी एक अर्थ भेटला.

ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिच्यात 'क्लास' म्हणजे साचा. त्यातून घडते ती वस्तू, 'ऑब्जेक्ट'. वस्तू घडताना आपोआप होणारा विधी म्हणजे 'कन्स्ट्रक्टर'. वस्तूचे बारसेच म्हणा ना! एका क्लासला दुसऱ्याचे अपत्य करता येते. अपत्याने स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर जनकाचा चालतो. पण एकदा स्वतःचा लिहिला, की जनकाचा आपोआप चालत नाही. 'पेरेंट कन्स्ट्रक्ट' अशी हाक स्वतः मारावी लागते. न मारली, तर जनकाने भरायच्या जागा रिकाम्या राहतात. आणि हे कळते फार उशिरा, त्या वाचायला गेल्यावर.

२००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून गुणधर्मांचे तीन प्रकार झाले. 'पब्लिक' कोणीही पाहावा, 'प्रोटेक्टेड' घरच्यांनीच पाहावा, आणि 'प्रायव्हेट' ज्या क्लासाचा त्यानेच. मौज अशी, की जनकाचा प्रायव्हेट गुणधर्म अपत्याच्या वस्तूतही असतोच; अपत्याने लिहिलेल्या कृतीला तो दिसत नाही, एवढेच. जनकाकडून आलेली कृती मात्र तो वाचू शकते.

येथे मी थबकलो. आमच्या घरी ताटात एक शीतही टाकायचे नाही, असा दंडक आहे. आजोबा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात, एवढे आईकडून कळले. ते स्वतः त्या दिवसांविषयी चकार शब्द काढीत नाहीत. पण मेसमध्ये मीही ताट पुसून उठतो. म्हणजे ते दिवस माझ्यातही आहेत. मला दिसत नाहीत. आजोबांची कृती माझ्या हातून चालते, ती ते वाचूनच!

शहरात येऊन मी माझा नवा कन्स्ट्रक्टर लिहायला घेतला आहे. बोलणे बदलले, राहणी बदलली. आजोबांनी आता पंचाहत्तरी ओलांडली. हाक मारायची ती मलाच. त्यांचे प्रायव्हेट ते प्रायव्हेटच राहो; पण जनकाच्या मनात असले, तर तोच आत डोकावायला एक वाट ठेवतो. तिला 'गेटर' म्हणतात. तशी काही वाट आहे का, हे येत्या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसून विचारणार आहे.