नर्सिंगला जाणाऱ्या मुलींसाठी काही टिपणे

नर्सिंगला जायचं ठरलं असेल तर तयारी बारावीच्या दिवाळीत सुरू व्हायला हवी. निकालानंतर माझ्याकडे ज्या मुली विचारायला येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना गुणांनी अडवलेलं नसतं, कागदांनी अडवलेलं असतं. जातीचा दाखला आहे, पण वैधता नाही. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या. मग ऐन जुलैच्या पावसात सेतू केंद्रासमोर रांग, तहसीलचे हेलपाटे, आणि इकडे कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, तारीख निघून जाते. हुशार मुलीचं वर्ष एका दाखल्यापायी वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

*

कागदांची यादी भिंतीवर चिकटवावी: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, मेडिकल फिटनेस. बँक खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर असावं आणि आधारशी जोडलेलं असावं, कारण शिष्यवृत्ती त्याच खात्यावर येते. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स, एक स्कॅन मोबाइलमध्ये, एक ईमेलवर. मूळ कागद कॉलेजात जमा करावेच लागले तर कोणकोणते दिले याची शिक्क्यासह पावती घ्यावी. पावतीशिवाय मूळ प्रमाणपत्र हातातून सोडू नये.

*

कोर्सविषयी घराघरांत गोंधळ आहे, म्हणून थोडक्यात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा; या दोन्हींना बारावी कला किंवा वाणिज्य झालेली मुलगीही जाऊ शकते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रांचं; त्याला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, आणि खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के लागतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की पदवी हाती येते, पुढे एम.एस्सी.ची वाट मोकळी.

पैसा आज कमी आहे म्हणून जीएनएमला जाणारी मुलगी मागे पडली, असं कुणी म्हणू नये. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका म्हणून दोघी एकाच वॉर्डात उभ्या राहतात. माझ्याबरोबरच्या कित्येकींनी नोकरी करत, रजा काढून, पुढची पदवी घेतली.

*

बी.एस्सी.साठी सीईटी सेलची परीक्षा असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, असे पाच भाग. कल तपासणाऱ्या भागासाठी मोठ्या क्लासची गरज नाही. दवाखान्यात काम कसं चालतं, रुग्णाशी कसं बोलावं, स्वच्छता का पाळावी, याचा साधा विचार तिथे लागतो. इंग्रजीकडे मात्र आमच्या मुली दुर्लक्ष करतात, आणि ते पहिल्या सत्रात जड जातं. शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन, सगळं इंग्रजीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज हाडं, स्नायू, अवयवांची थोडी नावं मोठ्याने वाचून वहीत लिहावीत. कॉलेज सुरू होईपर्यंत तोंडाला वळण लागतं.

*

पूर्वी हे शिक्षण मुलींना कसं मिळालं, ते कळलं की धीर येतो. नर्सिंगच्या इतिहासात आम्ही शिकलो की १८९१ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या, त्या पहिल्या भारतीय परिचारिका. पुढे १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं. तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या बाईने परक्याची सेवा करायची ही कल्पनाच समाजाला सोसत नव्हती. तरीही विधवा आणि परित्यक्ता बायकांना पायावर उभं करण्यासाठी समाजातल्याच काहींनी वर्गणीच्या पैशातून सोय केली. मुलीच्या शिक्षणाचा खर्च एकट्या बापाच्या माथी नसतो, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आजच्या शिष्यवृत्त्या हा त्याचाच पुढचा टप्पा आहे. त्या मागताना मान खाली घालू नये.

*

परवा एक आई मुलीला घेऊन आली. शेतमजुरी करणारी, पदराला हात पुसत ओट्यावर टेकली. पिशवीतून बचत गटाची वही काढली.

"सिस्टर, हिच्या लग्नासाठी दीड तोळा ठेवलाय. मोडू का?"

"ताई, सोनं राहू द्या. आधी हिशोब करू."

त्या वहीच्या मागच्या पानावर चार वर्षांचे चार रकाने आखले. शिक्षण शुल्क, विकास निधी, विद्यापीठाचं आणि परीक्षेचं शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, गणवेश आणि बूट, पुस्तकं, पोस्टिंगला जाण्यायेण्याचा खर्च. शिक्षण शुल्काचा आकडा पाहून मुलीचा चेहरा उतरला. पण तो आकडाच सवलतीत येतो. मेस, प्रवास, पुस्तकं यांना दर महिन्याला रोकड लागते, आणि मुली दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडतात ते बहुधा याच पैशांपायी. आईने मेसच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे गटातून होईल माझ्या," म्हणाली. दीड तोळा मोडायची वेळ आली नाही.

*

सवलतींची माहिती एका ठिकाणी.

जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. त्याआधी ती निम्मी होती. एक अट महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. "कोट्यातून लगेच सीट देतो" असं सांगणाऱ्याच्या मागे गेलं की चार वर्षांची सवलत हातची जाते.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरायचा, नूतनीकरण विसरायचं नाही.

राहण्याजेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बापाची मजूर म्हणून नोंदणी नसेल तर ती आधी करून घ्यावी. हे पैसे सत्र सुरू झाल्यावर बऱ्याच उशिराने येतात, म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांची रोकड घरी हवी.

*

कॉलेज निवडताना तीन नावं तपासावीत: भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. यांपैकी एखादं जरी जुळलं नाही तर चार वर्षांनंतर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. खासगी कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. पावतीवर न येणारा पैसा कुणी मागितला तर तो देणगीचा पैसा, आणि देणगी घेण्याला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

मग मुलीला घेऊन एकदा स्वतः जावं. इमारत पाहण्याआधी रुग्णालय पाहावं. खाटा किती, त्यांतल्या किती भरलेल्या, प्रसूती कुठे पाहायला मिळतात, मानसोपचाराची आणि कम्युनिटीची पोस्टिंग कुठे लागते. रुग्णच नसलेल्या ठिकाणी शिकलेली मुलगी पहिल्या नाइट ड्यूटीला घाबरते. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी वेगळं बोलावं. त्या खरं सांगतात.

*

कर्जाला घाबरणाऱ्या घरांसाठी एक हिशोब. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं, आईवडील सहकर्जदार असतात, आणि हप्ते कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. समजा ३ लाख हवेत, दरवर्षी ७५ हजार उचलायचे, आणि सोपेपणासाठी दर १० टक्के धरला. शिकत असताना व्याज सरळ चढतं. हप्ता सुरू होईपर्यंत ते १ लाख ५ हजार होतं, म्हणजे फेडायचे ४ लाख ५ हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५,३५० रुपये.

हेच व्याज दर महिन्याला भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिन्याला ६२५ रुपये, दुसऱ्या वर्षी १,२५०, तिसऱ्या वर्षी १,८७५, चौथ्या वर्षी आणि त्यापुढच्या वर्षभर २,५००. मग फेडायचे फक्त ३ लाख, आणि हप्ता ३,९६५च्या आसपास. शिकताना व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सूटही बऱ्याच बँका देतात, ती विचारून घ्यावी. आत्या, मामा, मोठा भाऊ यांना मुलीला काही द्यायचं असतं. साडी-ड्रेसऐवजी त्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज उचलावं.

*

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी लष्करी नर्सिंगचा विचार जरूर करावा. सैन्यदलाच्या सहा नर्सिंग कॉलेजांत मिळून मुलींसाठी २२० जागा आहेत. त्यांतल्या ४० पुण्याच्या एएफएमसीत आणि ४० मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत. नीट परीक्षा द्यावी लागते, पुढे आणखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. राहणं-जेवण सरकारचं, वर विद्यावेतन, आणि त्या बदल्यात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सेवा देण्याचा करार. आपल्याच राज्यात ही सोय आहे, आणि गावोगावच्या मुलींना ती माहीत नाही.

*

पैशाइतकीच शरीराची तयारी हवी. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत, सहा महिन्यांत पूर्ण होते. पहिला डोस फेब्रुवारीत घेतला तर तिसरा ऑगस्टमध्ये होतो, म्हणजे वॉर्डात सुई हाती येण्याआधी संरक्षण तयार. हिमोग्लोबिन तपासावं. आमच्या मुली पंगतीत शेवटी जेवतात, आणि मग सकाळच्या ड्यूटीला उभ्या उभ्या चक्कर येते.

हाताची तयारीही घरी होते. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्यावं. आजीच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याचा स्वतःचा ठोका लागतो. मिनिट झालं तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच मोजतो आहोत असं आजीला वाटू द्यायचं आणि नजर छातीच्या हालचालीवर ठेवून श्वास मोजायचा. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. रोज दोघांतिघांचं मोजून वहीत लिहावं. पहिल्या पोस्टिंगला हात थरथरत नाही.

*

"शी-शू काढायचं काम" असं म्हणून ज्या घरांत नाकं मुरडतात, त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांविषयी वाचावं. १९७३ मध्ये तिथल्याच अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर ४० हून अधिक वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा समोर आलं की इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता. दर काही तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं, चादरीला सुरकुती पडू न देणं, ओठाशी घास नेणं. पहिल्या सत्रात शिकवतात ती हीच कामं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या कामाला मान दिला, त्याची लाज आपण का बाळगायची?

*

मुलगेही येऊ लागलेत. एक आई म्हणाली, "मुलगा नर्स म्हणजे कसं दिसतं?" मी तिला म्हटलं, अपघात विभागात बेशुद्ध माणूस ट्रॉलीवर घेताना तुमचा मुलगा किती मोलाचा वाटेल, ते तिथे येऊन पाहा. ब्रदरना आम्ही वॉर्डात कायम मानाने वागवलं.

*

पगाराचं आधी विचारावं, त्यात संकोच नको. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला महिन्याला किमान २० हजार, आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतका पगार. अनेक ठिकाणी नवख्या मुलीला आजही कमी सांगतात. हा आकडा मुलीला पाठ हवा. आपल्या कामाची किंमत माहीत असलेली मुलगी मुलाखतीत ताठ बसते.

*

कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या सरांना आणि मॅडमना माझं एक मागणं आहे. जानेवारीत, प्रात्यक्षिकांच्या गडबडीतून एक तास काढा. कागदांची यादी, सवलतींची नावं आणि सीईटीचा अर्ज कधी सुटतो ते फळ्यावर लिहा, मुलींना उतरवून घेऊ द्या. गावातल्या निवृत्त सिस्टरला बोलवा, त्या आनंदाने येतील. फी भरता येत नाही म्हणून ज्या मुली घरी बसल्या, त्यांतल्या कित्येकींसाठी पैशाची सोय आधीच झालेली होती. ती त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं एवढंच काम उरतं, आणि ते आपल्यापैकी कुणालाही करता येतं.