सोरेकारा, सोरेकारा

अंबरनाथ

चि. सोनू,

जपानीत सांगितलेली तुझी दिनचर्या ऐकली. उच्चार छान. पण उठले, सोरेकारा, म्हणजे ‘त्यानंतर’, दात घासले, सोरेकारा उल्हासनगरला लोकल पकडली, सोरेकारा... अगं, ऐकतानाच दम लागला! वर सांगतेस, ‘मावशी, जपानी शिकायचं तर मराठी डोक्यातून काढून टाका, असं क्लासात सांगतात.’ तेव्हापासून मला चैन नाही.

बदलापूरच्या २००५ च्या पुराची गोष्ट आजी कशी सांगायची? ‘डबे माळ्यावर टाकून, तुला कडेवर घेऊन, जिना चढून गच्चीवर गेलो.’ काळ फक्त शेवटच्या ‘गेलो’वर. जपानीतलं ‘ते’ रूप हेच करतं: ‘ओकिते, हा ओ मिगाइते, देन्शा नि नोरिमाशिता.’ उठून, दात घासून, गाडीत बसले. पण ‘मी घरी येऊन पाऊस पडला’ असं आपण म्हणत नाही, ‘आल्यावर’ म्हणतो. तिथे जपानीही ‘तारा’ या रूपाकडे वळते.

आणखी बघ. औषध ‘घेतल्यानंतर’ला ‘नोन्दा आतो दे’, ‘घेण्याआधी’ला ‘नोमु माए नि’. ‘घेण्याआधी’त भूतकाळ नाही, ‘नोमु’तही नाही. इंग्रजीवरून गेलीस की ‘नोन्दा माए नि’ लिहून बसशील. मराठी शाळेतल्या पोरांना आधी इंग्रजीच्या दारात ताटकळत ठेवायचं आणि मगच जग दाखवायचं, याची मला मनस्वी चीड आहे. गणितात तेच, विज्ञानात तेच. घरचं व्याकरण पाठीशी असताना पोर स्वतःला अडाणी समजते!

आणि तू निघालीस जपानला, वृद्धांच्या सेवेला. रात्रपाळीची नोंद लिहावी लागेल. ‘कुसुरि ओ नोन्दे कोरोबिमाशिता’, म्हणजे ‘औषध घेऊन पडले’, असं लिहिलंस, तर औषधामुळेच आजोबा पडले असं वाचणाऱ्याला वाटायचं. ते आधी पडले आणि मग औषध घेतलं असेल, तर ‘कोरोन्दे कारा कुसुरि ओ नोमिमाशिता’ असं हवं. नाहीतर एखाद्याची गोळी विनाकारण बंद व्हायची, बाई. शेजारी विचारायला कोण असणार? तू ज्या व्हिसावर जाणार आहेस, त्यावर घरच्यांना सोबत नेता येत नाही, आणि मुदत साधारण पाच वर्षांपर्यंतची. ताईला हे नीट सांगितलंस का? ती फोनवर फार बोलली नाही.

रविवारी जेवायलाच ये. वही आण, आणि तुला एजंटाने दिलेला करारही आण. सही केली नाहीस ना अजून?

तुझी
मावशी