नकाशावर नसलेल्या विहिरी

जमिनीच्या पोटात गॅस साठवून ठेवतात, हे पिट्सबर्गला येऊन नोकरी लागेपर्यंत मला माहीतच नव्हतं. गॅस सिलिंडरमध्ये असतो नाहीतर पाइपलाइनमध्ये, इतकीच माझी समज. शिक्षण भूगोलाचं, काम संगणकावर नकाशे करण्याचं. नोकरी मिळाली ती जुन्या तेलविहिरी शोधून बुजवणाऱ्या एका छोट्या ठेकेदाराकडे. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत जो पायाभूत सुविधांचा कायदा झाला, त्यात बेवारस विहिरींसाठी 470 कोटी डॉलर ठेवले होते, म्हणून या कामाला एकदम माणसं लागायला लागली होती. पण विहिरी शोधायच्या म्हणजे काय, हेच मला उमगेना. शेकडो मीटर खोल खणलेली वस्तू हरवते तरी कशी?

हरवते, आणि लाखांनी हरवते. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल नावाचं गाव आहे. तिथं एडविन ड्रेकच्या विहिरीला 27 ऑगस्ट 1859 रोजी जेमतेम 21 मीटरवर तेल लागलं आणि सगळा मुलूख तेलामागे धावत सुटला. पुढं ईशान्येला ब्रॅडफर्डचं तेलक्षेत्र सापडलं. 1881 मध्ये अमेरिकेतलं तीन चतुर्थांशाहून जास्त तेल एकट्या ब्रॅडफर्डमधून निघत होतं. आणि विहीर खणायला सरकारी परवाना लागायला लागला तो थेट 1950 च्या दशकाच्या मध्यावर! म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तिथं खणावं, कुणाला सांगायची गरज नाही. राज्यात आजवर तीन लाखांहून जास्त विहिरी खणल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या फार मोठ्या हिश्शाचा ठावठिकाणा कुठल्याच दप्तरात नाही. मालक गेले, कंपन्या बुडाल्या, कागद माळ्यावर कुजले. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची चणचण होती, तेव्हा लोकांनी विहिरींतल्या केसिंगच्या, म्हणजे आतून अस्तरासारख्या बसवलेल्या, नळ्या उपसून भंगारात दिल्या. उरलेल्या भोकात झाडाचा बुंधा, दगड, हाताला लागेल ते कोंबलं आणि वर माती लोटली.

निफाडला आमच्या शेतात बोअर कोरडी गेली की तोंडावर फरशी ठेवून मोकळं व्हायचं, तसंच हे. फरक इतकाच की आमच्या बोअरमधून काही वर येत नाही.

जंगलात मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात दोन गोष्टी होत्या. एक, 1930 च्या दशकातल्या हवाई छायाचित्राची छापील प्रत. दुसरी, विमानातून लेझर सोडून केलेला जमिनीच्या चढउताराचा नकाशा. त्यात झाडं गायब होतात आणि उतारावर कुणी सपाट केलेली जागा असेल तर चौकोनासारखी उमटते. अशा सपाट जागेवर पूर्वी डेरिक, म्हणजे खोदाईचा मनोरा, उभं असण्याची शक्यता. आमचे फोरमन साठीचे, तीन पिढ्या याच धंद्यातल्या. लोखंड हुडकणारं यंत्र जमिनीवरून फिरवत ते पुढं चालले होते आणि मी मागून नकाशा फिरवून फिरवून बघत होते. कुठली टेकडी कुठली, काही केल्या जुळेना. नेच्यांच्या दाटीत एक डबकं होतं. फोरमन थांबले, मला खाली वाकायला सांगितलं. डबक्याच्या एका कडेला, ठरावीक जागी, एकामागून एक बुडबुडे येत होते. चिखल काळपट, त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. मी वास घेऊन पाहिला, तर डांबराचा असावा तसा मंद दर्प. घरातल्या गॅसचा वास नाही. ते म्हणाले, मिथेनला वास नसतोच, घरच्या गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळतात. मग त्यांनी गॅस मोजणाऱ्या मीटरची नळी बुडबुड्यांवर धरली आणि मीटर किंचाळायला लागला. केसिंग काढून नेलेलं होतं, त्यामुळे लोखंडाचं यंत्र इथं मुकंच राहिलं असतं. विहीर सापडली ती बुडबुड्यांमुळे.

प्रिन्स्टन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मेरी कांग यांनी याच राज्यातल्या सोडून दिलेल्या विहिरींवर झाकणं बसवून मिथेन मोजला आणि 2014 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर अशा विहिरींची गळती सरकारी हिशेबात धरलीच जात नव्हती. बहुतेक विहिरी थोड्या गळतात, मोजक्याच पुष्कळ गळतात, आणि बाहेरून बघून कुठली कुठल्या जातीची ते सांगता येत नाही. ही शेवटची गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

पण माझा खरा गोंधळ उडाला तो साठवणुकीचा विषय निघाल्यावर. आमच्या कामाच्या यादीत काही विहिरींपुढं लाल खूण होती. म्हटलं, या जास्त गळतात का? फोरमन म्हणाले, नाही, या गॅसच्या साठ्याजवळ आहेत. मला काही बोध होईना. साठा म्हणजे टाकी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आकृती काढली. गॅस किंवा तेल काढून रिता झालेला वाळूखडक. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत उन्हाळ्यात दाबानं गॅस भरायचा आणि हिवाळ्यात घरं तापवायला तो परत काढायचा. बफेलो शहराजवळच्या झोअर क्षेत्रात 1916 पासून हे चालू आहे. आज अमेरिकेत असे चारशेच्या आसपास साठे आहेत, त्यातले बहुतेक जुन्या, रित्या झालेल्या क्षेत्रांत. आणखी एक नवल म्हणजे भरलेल्यातला साधारण निम्मा गॅस कधी काढायचाच नसतो; दाब टिकावा म्हणून तो कायमचा आत ठेवतात.

आता कळलं. लाखो वर्षं गॅस धरून ठेवलेला खडक विश्वासाचा खरा, पण त्यातून गॅस काढायला माणसानंच त्याला भोकं पाडलेली. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या शेतकऱ्यानं खणून सोडलेली विहीर त्याच थरापर्यंत गेली असेल आणि आपण वरून दाब देऊ लागलो, तर गॅस कुठून बाहेर पडणार?

त्याच संध्याकाळी मी कॅन्ससमधल्या हचिन्सन गावाची हकीकत वाचली. 1887 मध्ये तिथं तेलाच्या आशेनं खणताना मीठ लागलं. मग मिठाचे कारखाने निघाले. त्यांची रीत अशी: विहिरीतून पाणी सोडायचं, खालचं मीठ विरघळवायचं, खारं पाणी वर खेचून आटवायचं. कारखाने बंद पडले, त्या विहिरी गावाच्या पोटात तशाच राहिल्या आणि त्यांच्यावर इमारती चढल्या. गावाबाहेर, सुमारे 11 किलोमीटरवर, यॅगी नावाच्या ठिकाणी मिठाच्या थरात मुद्दाम पोकळ्या करून आधी प्रोपेन आणि नंतर नैसर्गिक गॅस साठवायला लागले. तिथली एक विहीर मधल्या काळात बुजवलेली होती, ती पुन्हा उघडून वापरात आणली होती. 2001 च्या जानेवारीत तिच्या केसिंगमधून, सुमारे 181 मीटर खोलीवर, गॅस निसटला आणि खडकाच्या भेगाळलेल्या थरातून आडवा आडवा थेट गावाखाली गेला. 17 जानेवारीला भर बाजारपेठेत स्फोट होऊन दोन दुकानं पेटली. नंतर गावात ठिकठिकाणी गॅस आणि खाऱ्या पाण्याचे फवारे उसळले. दुसऱ्या दिवशी एका वस्तीत स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. गॅस वर आला तो त्या विसरलेल्या मिठाच्या विहिरींतून. साठा एकीकडे, भोकं दुसरीकडे, मध्ये कोसांचं अंतर! आपल्या घराखाली अशी विहीर आहे हे त्या लोकांना माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं, आणि मला याचा अजून राग येतो.

लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन या गॅसच्या साठ्याची गळती याहून जास्त गाजली. 1950 च्या दशकात तेलासाठी खणलेली आणि पुढं साठवणुकीला जुंपलेली एक विहीर ऑक्टोबर 2015 पासून फेब्रुवारी 2016 पर्यंत गळत राहिली. जवळजवळ एक लाख टन मिथेन हवेत गेला, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. केसिंग बाहेरच्या बाजूनं गंजलं होतं.

विहीर बुजवणं म्हणजे सिमेंट ओतणं, असंही मला वाटे. प्रत्यक्षात आधी ती पुन्हा उघडावी लागते. त्या डबक्यावरच्या विहिरीवर खोदाईची रिग उभी राहिली आणि आतून कुजलेलं लाकूड, दगड आणि मनगटाएवढ्या जाड दोराचा तुकडा निघाला. पूर्वी जड लोखंडी छिन्नी दोराला बांधून उचलायची आणि आपटायची, असं करत विहिरी पाडत. हा त्यातलाच दोर. तेलानं माखल्यामुळे त्याचे पीळ शाबूत होते. त्या काळी तेल जोरात यावं म्हणून विहिरीच्या तळाशी नायट्रोग्लिसरीनचा बारही उडवत, त्यामुळे तळाशी पोकळी किती रुंद आहे याचा भरवसा नसतो आणि सिमेंट हिशेबापेक्षा जास्त लागतं. तळापर्यंत नळी सोडून सिमेंट खालून वर भरत आणलं, घट्ट होऊ दिलं, मग नळीनं ठोकून त्याचा माथा कुठं आला ते तपासलं. गोड्या पाण्याच्या थरापाशी फोरमननी अर्धा दिवस खर्ची घातला. खालच्या वस्तीला पाणी तिथूनच जातं. शेवटी मीटर धरला, तो गप्प राहिला. मी अक्षांश-रेखांश टिपून घेतले.

जमिनीखालच्या साठ्यांची मागणी आता वाढतच जाणार आहे. जर्मनीत हुंटोर्फला 1978 पासून मिठाच्या पोकळ्यांत दाबलेली हवा साठवून तिच्यावर वीज करतात, इंग्लंडमध्ये टीसाइडला हायड्रोजन ठेवतात. आपल्याकडेही विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला खडक कोरून 53.3 लाख टन कच्चं तेल राहील एवढ्या गुहा केल्या आहेत. तो खडक कोरा निवडता आला. जुन्या तेलक्षेत्राचं तसं नसतं.

माझा मावसभाऊ पुण्याला पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकतो. परवा त्याचा फोन आला. "ताई, सुट्टीत अंकलेश्वरला जातोय प्रशिक्षणाला. तिथले जुने थर रिकामे झालेत ना, मग त्यात गॅस परत का नाही भरत आपण?"

गुजरातमधल्या अंकलेश्वरला तेल लागलं 1960 मध्ये. मी त्याला म्हटलं, "भरता येईल की नाही ते तुझे सर सांगतील. तू एक काम कर. तिथं पहिल्यापासून किती विहिरी खणल्या, त्यातल्या बुजवलेल्या किती, कधी बुजवल्या, कशानं बुजवल्या, याचं रजिस्टर कुणाकडे असतं ते विचार. दाखवलं तर नीट वाच, आणि केसिंग कुठल्या सालचं आहे तो रकाना सोडू नकोस."

"रजिस्टर नसलं तर?"

"तर मला लगेच फोन कर. रात्र असली तरी कर."