खिळ्यावरचं वडीलधारं

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्यावर एक वडीलधारं वस्तीला असतं: कालनिर्णय. दर डिसेंबरात मुंबईहून निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून ते गुंडाळी होऊन येतं, वळ मोडेपर्यंत गादीखाली पडून राहतं आणि मग वर्षभर पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत घरावर लक्ष ठेवतं.

समोरच्या भिंतीवर त्याचा तमिळ सोबती आहे, रोज एक पान फाडायचा. तो राहुकाळ, यमगंड सांगतो, आडी-आवणी हे तमिळ महिने मोजतो. हे श्रावण-भाद्रपद मोजतं. दोघांचं भांडण नाही. सहा वर्षांची लेक दोघांचंही ऐकते. शाळेत, जिन्यात, अयोध्या मंडपाच्या रस्त्यावर तिची तमिळ सुसाट असते, आणि ती तशीच असावी. मराठीला मात्र इथे घराबाहेर काम नाही.

ते काम कालनिर्णय काढतं. त्याचा स्वभाव शिकवण्याचा नाही, कामाला लावण्याचा आहे. आविन दुधाच्या पिशव्या किती आल्या, इस्त्रीला कपडे किती गेले, नवा सिलिंडर कधी लावला, हे तारखेच्या चौकोनात लेकीनेच लिहायचं. वेलांटी चुकली तरी ते निमूट ठेवून घेतं. संकष्टीला चंद्रोदय वाचायचा तोही तिनेच. ‘चं’पुढचं ‘द्रो’ तिने तिथेच सोडवलं, कारण उपाशी आजीला उत्तर हवं होतं. छापलेली वेळ मुंबईची. चेन्नई पूर्वेला, म्हणून इथे चंद्र सुमारे अर्धा तास आधी उगवतो. ही वजाबाकीही ती मराठीत करते.

जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय आता तमिळमध्येही निघतं. आमच्या खिळ्यावर मराठीच हवं, कारण पानामागची पाककृती तिला आजीला मोठ्याने वाचून दाखवायची असते.

मराठी या मुलखात नवी नाही: तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथले मराठे राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लेख अजून आहे. पण तंजावरी मराठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती घराघरांतून, वाढताना, रागावताना, हिशेब करताना. परमुलखात लेकराची भाषा जपायची, तर तिच्यावाचून अडेल असं एखादं काम रोज त्याच्या हाती द्यावं. आमच्याकडे ते काम कालनिर्णय नेमून देतं, आणि एकही दिवस सुट्टी देत नाही.