वेरूळच्या वाटेवरचा गुंठा

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते वेरूळ हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. छावणी मागे पडली की पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, माळीवाडा, मग दौलताबादचा किल्ला, पुढे घाट, कागजीपुरा, खुलताबाद आणि उतारावर वेरूळ. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी किंवा मुलांच्या सुट्टीत आपले असंख्य उपासक-उपासिका या वाटेने लेणी पाहायला जातात. (मंगळवारी लेणी बंद असतात, हे बाहेरगावच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.) जाता-येता रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या दिसतात. कुठे 'एन. ए. प्लॉट', कुठे 'सुलभ हप्त्याने गुंठा', कुठे 'समृद्धी महामार्गापासून पाच मिनिटे'. लेणी पाहून परतताना पुष्कळ कुटुंबे गाडी थांबवून पाटीवरचा नंबर उतरवून घेतात. नोकरदाराच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे असतात, मुलीच्या लग्नासाठी जमवलेली पुंजी असते, कुणाच्या निवृत्तीची रक्कम असते. हा पैसा कुठे जातो, त्याचा विचार लेण्यांच्या दर्शनाबरोबरच व्हावा, म्हणून ही सहल.

शहर कोणत्या दिशेने वाढते आहे?

शहर वाढते आहे यात शंका नाही. चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा आणि आता बिडकीन अशा औद्योगिक वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. शेंद्रा आणि बिडकीन मिळून 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी सुमारे दहा हजार एकरांवर आखलेली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्यावर चढण्या-उतरण्याची एक जागा माळीवाड्याला, म्हणजे नेमकी वेरूळच्या वाटेवर आहे.

पण नकाशा समोर ठेवून पाहा. शेंद्रा पूर्वेला जालना रस्त्यावर, बिडकीन दक्षिणेला पैठण रस्त्यावर, वाळूज पश्चिमेला नगर रस्त्यावर. वेरूळ वायव्येला, डोंगरापलीकडे. कारखान्यातला कामगार घाट ओलांडून वेरूळला घर करणार नाही. या बाजूला चालणारा धंदा पर्यटनाचा : निवास, जेवण, वाहन, वाटाड्या. म्हणजे जो स्वतः येथे येऊन काही उद्योग करील त्याला या जागेतून उत्पन्न आहे. जो गुंठा घेऊन मुंबईत किंवा नागपुरात बसून राहील त्याच्या जागेवर बाभळी उगवतील. मोकळ्या प्लॉटला भाडे येत नाही, कर मात्र येतो आणि शेजाऱ्याचे कुंपण दरवर्षी वीतभर सरकत येते. 'पाच वर्षांत दुप्पट' असे सांगणारा माणूस स्वतःच आज तो प्लॉट का विकतो आहे, एवढा प्रश्न त्याला जरूर विचारावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. जायकवाडीचे मोठे धरण जवळ असूनही या शहराने अनेक वर्षे कित्येक दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले. खुलताबाद-वेरूळ हा तर काळ्या बसाल्टचा डोंगराळ मुलूख. म्हणून जागा पाहायला पावसाळ्यात जाऊ नये. मे महिन्यात जावे आणि शेजारच्या घरातल्या बाईला विचारावे की पाणी कुठून आणता. तिचे उत्तर एजंटाच्या छापील नकाशाहून अधिक खरे असते.

दौलताबादचा हौद

घाट चढण्यापूर्वी दौलताबादला थांबणे आपले कर्तव्य आहे. १९३४ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळचीच लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत हा किल्ला. प्रवासाच्या धुळीने भरलेल्या मंडळींनी किल्ल्यातल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि 'ढेडांनी पाणी बाटवले' असा गिल्ला झाला. बऱ्याच बाचाबाचीनंतर किल्ला पाहू दिला, तोही आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. ज्या वाटेवर आज आपल्याला 'या साहेब, कॉर्नरचा प्लॉट दाखवतो' म्हणून बोलावतात, ती हीच वाट.

महारवाडा नावाचे लेणे

वेरूळला चौतीस क्रमांकांची लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बहुतेक सहली कैलास लेण्यापाशी उतरतात आणि तिथेच दमतात. आपण दक्षिणेच्या टोकापासून सुरुवात करावी.

दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा किंवा सुताराचे लेणे. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरलेल्या, आणि स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेली तथागतांची भव्य मूर्ती. बारावे तीन मजली. तिसऱ्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या रांगा आहेत. अकराव्याला 'दोन ताल' म्हणतात, कारण खालचा मजला मातीत गाडलेला होता आणि तो १८७६ मध्ये उघडकीस आला. नाव मात्र जुनेच राहिले.

पण आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचे पाचवे. सुमारे ११७ फूट खोल असा हा प्रचंड विहार. मधोमध दगडाचे दोन लांबलचक बुटके ओटे समांतर गेलेले. भिक्खू येथे समोरासमोर बसून भोजन करीत किंवा पठण करीत, असे अभ्यासक मानतात. या लेण्याचे लोकांतले नाव 'महारवाडा', आणि या टोकाच्या पहिल्या काही लेण्यांच्या समूहाला 'ढेडवाडा' म्हणत. इंग्रज संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात ही नावे तशीच नोंदवली. पावसाळ्यात गावचे महार तिथे आसऱ्याला येत म्हणून हे नाव पडले, असे बर्जेसने नमूद केले आहे.

या नावापाशी क्षणभर उभे राहावे. दौलताबादच्या हौदावर जी शिवी ऐकू आली तीच येथे लेण्यांचे नाव होऊन बसली होती. ज्यांना गावात पक्के छप्पर नव्हते त्यांनी पावसात आसरा घेतला तो बुद्धाच्या विहारात. मालकी कुणाचीच नव्हती, म्हणूनच तो मिळाला. हक्काच्या जागेचा प्रश्न आपल्या समाजाला किती जुना आहे हे सांगायला आणखी कोणता शिलालेख हवा?

माळरानावरचे नागसेनवन

हौदाच्या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांच्या संवादावरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. तेव्हा तो शहराबाहेरचा माळ होता. आज शहर त्याच्या चारही बाजूंना पसरले आहे. गुंतवणूक म्हणायची तर मराठवाड्यात याहून मोठी गुंतवणूक झालेली नाही. तिचे व्याज पिढ्यान् पिढ्या खेड्यांतली मुले घेत आली आहेत.

बाँड पेपरचा धडा

२७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पुष्कळ कुटुंबे गाव सोडून शहराच्या आसऱ्याला आली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पण गेलेली कुटुंबे परतली नाहीत. त्यांनी आणि कारखान्यात मजुरीला आलेल्या हजारोंनी शहराच्या कडेला गुंठा-गुंठा जागा घेतली. शेतकऱ्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिले, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, व्यवहार झाला. सातबारावर नाव जुन्या मालकाचेच राहिले. घर बांधले तरी बँक कर्ज देईना, परवानगी मिळेना, नळ येईना. यालाच गुंठेवारी म्हणतात. २००१ मध्ये अशा वसाहती नियमित करण्याचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींनाही तो लागू झाला. ज्यांची घरे यात बसतात त्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्र घेतले नसेल तर नवा प्लॉट पाहण्यापूर्वी ते काम करावे. राहत्या घराचा कागद पक्का करणे ही पहिली गुंतवणूक.

२०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक जाऊन किमान पाचशेचा आला. पण मुद्रांक महाग झाला म्हणून त्यावरचा कागद खरेदीखत होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला आणि सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढले, म्हणजे व्यवहार पुरा झाला.

घेण्यापूर्वी पाहावे

एक साधा हिशेब चौथीतले मूलही करील. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कुणी एका एकरात एकेक गुंठ्याचे चाळीस प्लॉट विकत असेल, तर रस्ता कुठे आहे? नियमाप्रमाणे आखणी केली तर रस्ते आणि मोकळी जागा यांत मोठा हिस्सा जातोच. चाळीस प्लॉट दाखवणारा नकाशा हा मंजूर नकाशा नव्हे.

शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या कायद्याने बंधन आहे. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे किमान क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरले. २०२५ मध्ये काही भागांना सवलती मिळाल्या. आपला गट त्यांत बसतो का, हे एजंटाला न विचारता तहसील कार्यालयात विचारावे.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. खुलताबाद परिसरात देवस्थान इनामाच्या आणि वक्फच्या जमिनी आहेत. त्या खासगी प्लॉट म्हणून घेता येत नाहीत. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. लेण्यांच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. 'लेण्यांना लागून' ही पाटी म्हणूनच आनंदाची नव्हे, सावध होण्याची. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा आठाहून अधिक प्लॉटची योजना असेल तर तिचा महारेरा क्रमांक मागावा. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्यावी.

विकणारेही आपलेच

याची दुसरी बाजू अधिक दुखरी आहे. रस्त्याला भाव आला की एजंट प्रथम गरिबाच्या बांधावर येतो. जुन्या सेवा इनामाची जमीन, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी बळ दिलेल्या लढ्यातून कसलेले गायरान, २००४ पासून त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सबळीकरण योजनेत मिळालेली चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, या सगळ्यांवर विक्रीची बंधने आहेत. म्हणून एजंट खरेदीखत मागत नाही. तो थोडा इसार देतो, मुखत्यारपत्रावर अंगठा घेतो आणि ताबा घेतो. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होण्याची भीती मूळ धारकाला, एजंट मोकळा. ज्या कुटुंबाकडे अशी जमीन आहे त्याने घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला कागद वाचून दाखवायला सांगितल्याशिवाय कुठेही अंगठा उठवू नये. गावातल्या शिकलेल्या मंडळींनी प्लॉट शोधण्याआधी या कुटुंबांचे कागद वाचून द्यावेत.

नाव कुणाचे?

घर घ्याल तर घरधनिणीचे नाव कागदावर हवे. एकट्या महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की नवऱ्याच्या व्यसनात किंवा भावकीच्या भांडणात ते घर सहज जात नाही.

आणि चार कुटुंबांनी मिळून विहारासाठी, अभ्यासिकेसाठी जागा घेतली तर ती एका कार्यकर्त्याच्या नावावर ठेवू नये, मग तो कितीही निष्ठावंत असो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवावा. न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. कार्यकर्ते बदलतात, गट फुटतात. कागद नीट असेल तर जागा टिकते.

वेरूळच्या कारागिरांनी डोंगर फोडला तो कुणा एकाच्या घरासाठी नव्हे, संघासाठी. त्या पाचव्या लेण्यातल्या दोन ओट्यांवर आजही शंभर मुले समोरासमोर बसून वाचू शकतील. या वाटेवर गुंठा घ्यायचाच असेल तर कागद तपासून, पाणी पाहून, राबण्याच्या तयारीने घ्यावा. आणि घरात येणाऱ्या पैशातला थोडा हिस्सा अशा जागेसाठी ठेवावा, जिथे आपली मुले हक्काने बसतील आणि जिचे नाव आपण ठेवू.